शत्रूच्या माळावरची नागली

भाद्रपद सरत आला की जव्हारच्या वाऱ्याला निसवत्या भाताचा वास येतो आणि मला माझ्या चुलतभावाचा राग येतो. दोन्ही बरोबरच येतात. सकाळी शाळेचं फाटक उघडताना उतारावरून एक झुळूक येते, कोवळ्या दाण्यातल्या दुधासारखी गोडसर, आणि छातीत एखादं जुनं इंजिन घरघरायला लागतं. नवसूदादा. नाव नुसतं मनात आलं तरी माझी पाठ ताठ होते, घसा मोकळा होतो, गुडघे दुखायचे थांबतात. माझ्या वयाची माणसं पहाटे उठून चालायला जातात, कोमट पाण्यात लिंबू पिळतात. मी नवसूदादाची आठवण काढतो.

मी इथल्या एका शाळेत शिपाई आहे. लग्नसराईत माईकवर बोलतो, जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारतो आणि बोहाड्यात तोंडावर लाकडी मुखवटा चढवून राक्षस होतो. देव व्हायला मला कुणी बोलावत नाही, आवाज राक्षसाचा आहे म्हणतात. तेव्हा राग कसा बाळगावा, कसा फुलवावा, कुठं थांबून लोकांकडं बघावं, एवढं मला कळतं. नीट सांभाळला तर राग पितळेच्या हंड्यासारखा पिढीभर टिकतो. अधूनमधून चिंच लावून घासावा लागतो, इतकंच.

यंदा या रागाला एक धाकटं भावंड मिळालं. शिरपामाळकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक नवं दुकान झालंय. बाहेर शेणानं सारवलेली भिंत, आत काचेचं कपाट. कपाटात आमची नागली, म्हणजे तुमची नाचणी, बसलीय, कापडी पिशवीत, तोंडाला सुतळीचं फूल बांधून, पोटावर नाचणारी पांढरी माणसं काढून. आमच्या नागलीला आता आमच्यापेक्षा चांगले कपडे मिळतात. मी आत गेलो. गल्ल्यावरच्या बाई मुंबईकडच्या, हसतमुख.

"काका, ही एकदम प्युअर आहे. शंभर टक्के सेंद्रिय."

"कुठली?"

"इथलीच. मोखाड्याची."

"मोखाड्यात कुणाची?"

"आपल्या आदिवासी शेतकऱ्यांची."

"त्याला नाव असंल ना?"

त्या आणखी गोड हसल्या. "नाव कशाला हवं काका, आम्ही गॅरंटी देतो ना."

मी पिशवी उलटी करून किंमत वाचली आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तशी ती पिशवी परत कपाटात ठेवली. बाहेर आल्यावर मात्र मला हसू फुटलं. लहानपणी आमचा सगळा पाडा सेंद्रिय होता. खत आणायला कुणापाशी काही नव्हतं म्हणून होता. गरिबीला पुढं एवढं देखणं नाव मिळणार आहे हे तेव्हा कळतं, तर आम्ही ती जरा मिरवली असती, निदान तिच्या तोंडाला सुतळीचं फूल तरी बांधलं असतं.

त्या बाईंवर माझा खरा राग कशाचा, तर त्या हसण्याचा. गोड बोलून माझ्या ताटात काय घातलंय ते सांगणारा माणूस मला चालत नाही. आणि ही खोड मला लागली ती एका पावसाळ्यात, आमच्या गावी पोशेऱ्याला, नवसूदादाच्या पायाशी. पायाशी म्हणजे खरोखर पायाशी. त्याचं वावर वर, माझं खाली.

ते वर्ष जानकीचं होतं. जानकी माझी बायको. त्याआधीच्या दिवाळीनंतर, घरात पैशाची फारच ओढाताण होती म्हणून, ती पाड्यावरच्या बायकांबरोबर नाशिककडं द्राक्षबागेत कामाला गेली. तिथं तिचं काम द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं. डाव्या हातात औषधाचं भांडं, उजव्या हातानं घड धरायचा, बुडवायचा, झटकायचा, पुढचा. शिमग्याला परत आली तेव्हा तिच्या तळव्यांची साल उकडलेल्या बटाट्यासारखी निघत होती. हात भरले चैत्रात. पण तिचं नाक तसंच राहिलं. जव्हारच्या बाजारात ती कोबीचा गड्डा उचलायची, नाकाशी न्यायची आणि ठेवून द्यायची. ढोबळी मिरची, ठेवून द्यायची. वांग्याला तर ती हातही लावेना.

"याला मारलंय," एवढंच म्हणायची.

"सगळ्यालाच मारतात. धुऊन घे."

"मी बुडवलेलं द्राक्ष तू धुतलं असतंस तर गेलं असतं का?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालून ती काखेत मारली.

ती भातात मीठ कालवून खायला लागली. मग भातही कमी. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. पाणी भरून आली की उंबऱ्यात बसून राहायची, दम खात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, "रक्त नाही अंगात. पालेभाज्या खा, नागली खा, कडधान्य खा. शक्यतो सेंद्रिय खा." त्या 'शक्यतो'वर मी परतीच्या वाटेवर फार विचार केला. केवढा मोठा शब्द. त्यात माझा पगार, तिची भूक आणि सबंध मोखाडा तालुका मावत होता.

आषाढात काही चिंता नसते. आषाढात डोंगरच वाढतो. शेवळं, कुरडू, टाकळा, बांबूचा कोवळा कोंब, ज्याला आम्ही वास्ता म्हणतो. जानकी रानात जायची, ओटी भरून आणायची आणि पोटभर खायची. पण रानभाजी दोन महिन्यांची पाहुणी. भाकरी बारा महिने लागते. त्या एका गोष्टीसाठी मी असा निर्णय घेतला की पाड्यातली माणसं अजून तो सांगून हसतात. पोशेऱ्याचं माझ्या वाट्याचं वावर मी उन्हाळ्यातच नवसूदादाकडून परत मागितलं.

ते वावर मी जव्हारला आल्यापासून तोच कसत होता. निम्मं पीक मला द्यायचा, म्हणजे निम्म्याचं जे काही तो म्हणेल ते. मी मागायला गेलो तेव्हा तो खाटल्यावर बसून दाढी करत होता. आरशातूनच बोलला.

"शिपायाला शेती कशाला रं?"

"जानकीला बिनऔषधाचं खायला पाहिजे."

"मंग तिला बाळंतिणीसारखी ठेव. आम्ही खातो ते काय इख हाय?"

"तू काय खातोस ते तुझं तू बघ. माझं वावर दे."

त्यानं वस्तरा पुसला. "घे. पण पाला माझ्या झाडाचा तोडायचा नाय."

आता हे शेती न करणाऱ्याला कळणार नाही. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात पाला, गवत आणि शेण अंथरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राखेवर रोप जोमानं येतं, तण मरतं. विकतचं खत नको असेल तर राब भाजायलाच हवा आणि राबाला पाला हवा. वावराभोवतीची ऐनाची झाडं नवसूदादाच्या बाजूची, आणि त्यानं ती मुंडण केल्यासारखी आधीच साफ केलेली. मग मी काय करावं? शाळेच्या आवारातला आंब्याफणसाचा वाळलेला पाला गोण्यांत भरला आणि एसटीनं निघालो.

कंडक्टरनं गोणीला लाथ मारून पाहिली. "काय हाय?"

"पाला."

"कशाचा?"

"झाडाचा."

"जव्हारचा पाला मोखाड्याला? तिकडं झाडं संपली काय?"

"झाडं हायत. भाऊबंद हायत, म्हणून पाला नाय."

सगळी गाडी हसली. एका म्हातारीनं मात्र मान हलवली आणि गोणीवर पाय ठेवून निवांत झोपली. असल्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगाव्या लागत नाहीत.

बियाणं जानकीनं सूर्यमाळच्या माहेराहून आणलं. तिच्या भावाकडं जुन्या कोळपी भाताचं बी होतं. उन्हाळ्यात त्या पाड्यांवर खायच्या-प्यायच्या सगळ्याचीच मारामार, पण बियाण्याच्या कणगीला त्यानं हात लावला नव्हता. मृगात पेरलं, आषाढात आवणी केली. गुडघाभर चिखलात वाकून मी रोपं लावत होतो आणि वरच्या बांधावरून नवसूदादा बघत होता. बघण्यासाठी त्यानं खास छत्री आणली होती.

आमची शेती डोंगराच्या पायऱ्यांवर. वरच्या पायरीवर ओहोळाचं पाणी घेतात, तिथून बांधाचं तोंड फोडून खालच्या पायरीला, तिथून त्याच्या खालच्याला. माझ्या वावराला दुसरीकडून पाणी नाही, मधे कातळ आहे. आणि आमच्यात एक रीत आहे, जिच्यावर कुणी कधी बोलतसुद्धा नाही. वरच्यानं पाणी अडवायचं नाही. भांडण असो, कोर्ट असो, डोकी फुटलेली असोत, पाणी खाली सोडायचं. भाऊ मारला तरी त्याचा भात मारायचा नाही.

आवणी झाल्यावर एका सकाळी नवसूदादा वर खत फेकत होता. पांढरे दाणे वाऱ्यावर तिरपे उडत होते, बाजरी उधळल्यासारखे. जानकी बांधाच्या तोंडाशी उभी होती. पाणी खळखळत आमच्यात येत होतं. तिनं ओंजळ भरून वास घेतला. मला तर त्या पाण्याला नुसत्या पावसाचा वास येत होता, पण तंबाखूनं मारलेल्या माझ्या नाकाला कोण विचारतं?

"हे आपल्यात येतंय," ती म्हणाली.

"येणारच. पाणी हाय ते."

"मंग हा भात मी खाणार नाय."

ओरडून म्हणाली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं. ती हात पदराला पुसत म्हणाली. मी तिच्या मनगटाकडं पाहिलं आणि सरळ वर चढलो.

"दादा, तोंड बंद कर."

"कुणाचं?" नवसूदादानं विचारलं. "माझं, का बांधाचं?"

"बांधाचं. तुझं पाणी मला नको."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं हातातली पाटी खाली ठेवली आणि पाड्याच्या दिशेनं हाक मारली. अशी हाक की माणसं आली. "ऐका रं," तो म्हणाला, "हा खालचा वरच्याला म्हणतो, पाणी नको." माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली. एक म्हातारा तर बांधावर बसूनच हसला. पाणी अडवलं म्हणून भांडणारे त्यानं आयुष्यभर पाहिले होते, पाणी आलं म्हणून भांडणारा पहिलाच. वरच्यानं अडवू नये अशी रीत आहे. खालच्यानं नाकारू नये अशी रीत नाही. तसा गाढव निघेल असं पूर्वजांना वाटलंच नव्हतं.

नवसूदादानं ते तोंड जितक्या आनंदानं बुजवलं तितक्या आनंदानं मी कुणाला लग्नात नाचताना पाहिलं नाही. दगड घातले, चिखल घातला, वरून पायानं तुडवलं, आणि जादा पाणी दुसऱ्या बाजूनं नाल्यात सोडलं. "घे," म्हणाला. "तुझा भात आता देवाचा झाला."

श्रावण मोठ्या वैरात आणि मोठ्या मजेत गेला. पाऊस धो धो होता, आभाळाचंच पाणी आम्हाला पुरत होतं. दर रविवारी मी आणि जानकी पोशेऱ्याला जायचो आणि बांधाच्या वर-खाली बोलणी सुरू व्हायची.

"कसा हाय देवाचा भात?"

"तुझ्यापेक्षा सरळ उभा हाय."

"पिवळा पडलाय रं. त्याला कावीळ झालीय, दवाखान्यात ने."

"तुझा हिरवागार हाय. दारू पिऊन पण माणूस असाच फुगतो."

मग खेकड्यांचं प्रकरण झालं. माझ्या वावरात खेकडे फार झाले. चिखलात पाय टाकावा तिथं नांगी. एकदा बघतो तर नवसूदादाची बायको, म्हणजे आमची वहिनी, माझ्या बांधात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. टोपलीत खेकडे खडखडत होते.

"वहिनी, हे आमचं वावर."

"वावर तुमचं असंल. खेकडे आमचे हायत. वरून खाली पळून आलेत."

"मंग त्यांना बोलवा परत."

"बोलवते की," वहिनी म्हणाली आणि आणखी एक ओढून काढला. जानकी खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी हसली. त्या हसण्याखातर मी खेकड्यांवरचा हक्क सोडला, पण तसं वहिनीला कळू दिलं नाही. पुढं चांगली दोन वाक्यं ठणकावून बोललो.

चांगलं खाणं म्हणजे काय यावर लोक आता पुस्तकातून बोलतात. मला त्या श्रावणात एवढं कळलं, की पैसा नसला तर चांगलं खाणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. आठवडाभर शाळेत घंटा वाजवा, रविवारी चिखलात उभे राहा, तणनाशक नको म्हणून तण हातानं उपटा, एसटीत चिखलाच्या पायांनी लोकांच्या शिव्या खा. आणि एवढं करून पोटात काय जाणार हे शेवटी वरच्या पायरीवर, छत्री धरून उभ्या असलेल्या माणसावर ठरणार.

भाद्रपदात पाऊस गेला. थोडा थोडा कमी झाला असं नाही, पाहुणा न सांगता उठून जावा तसा गेला. भात पोटरीत आलेला, काही लोंब्या बाहेर पडलेल्या. याच वेळी त्याला पायाशी पाणी लागतं, दाणा भरायला. आधी पाणी आटलं, मग चिखल घट्ट झाला, मग त्याला भेगा पडल्या. वरच्या वावरात ओहोळाचं पाणी चमकत होतं. मधे तो बांध, आणि त्यात मी मागून घेतलेली ती दगडामातीची बुजवण.

मी जाणार नव्हतो. माझ्याच तोंडानं नको म्हटलेलं पाणी मी मागणार नव्हतो, सगळा भात पळिंज, म्हणजे दाण्यावाचून पोकळ, झाला तरी. जानकीनं दोन लोंब्या तोडून तळहातावर चुरल्या. दूध नव्हतं. ती वर चढली आणि मी तिच्या मागं, कारण मला ऐकायचं होतं.

नवसूदादा बांधावर विडी ओढत बसला होता. त्याला माहीत होतं आम्ही येणार. चेहरा धुऊन, डोक्याला तेल लावून बसला होता.

"दादा," जानकी म्हणाली, "पाण्यात काय हाय?"

"म्हणजे?"

"आता पाणी घेतलं, तर त्यात काय काय येईल, ते सांग."

मी नवसूदादाच्या तोंडाकडं बघत होतो. एक शब्द पुरेसा होता. काही नाय, म्हणाला असता, तर आम्ही बांध फोडला असता, त्याचा जय झाला असता, पाड्याभर त्यानं ते सांगितलं असतं. गोड बोलायला यापेक्षा सोपी जागा माणसाला मिळत नाही.

त्यानं विडी दगडावर विझवली. "परवा फवारलंय. तुडतुडे आलेत. जालीम औषध हाय, हात लावला तर आग होते. ते सगळं या पाण्यात उतरलंय."

"किती दिवस थांबू?"

"माहीत नाय. बाटलीवर लिहिलेलं असंल. बाटली फेकली."

"खोटं बोलतो," मी म्हणालो. "आपला भात जाळायचा हाय त्याला."

नवसूदादा उठला. माझ्याकडं नाही, जानकीकडं बघून बोलला. "तुझा भात जळाला तर मी नाचंन. पण माझ्या औषधानं तू मेलीस, तर हा माईकवर सांगत फिरंल जन्मभर. मर पायजे तर, पण माझ्या पाण्यानं नको."

आम्ही खाली आलो. मी कुदळ उचलली. माझी खात्रीच होती, की हा डाव आहे. पाणी दोन दिवस आणखी अडलं की भात संपला. मी बांधाकडं निघालो तर जानकी त्या बुजवणीवर जाऊन बसली, ऐसपैस, बाजारात टोपली मांडून बसावं तशी.

"फोडलास, तर तो भात तू एकटा खा."

"तो खोटं बोलतोय."

"नाय बोलत. वर जायच्या आधीच मला वास आला होता. द्राक्षाच्या बागेत हेच मारत होते."

"मंग विचारायला कशाला गेलीस?"

"तो काय सांगतो, ते बघायचं होतं," जानकी म्हणाली.

मी कुदळ टाकली आणि तिच्या शेजारी बसलो. समोर आमचा भात उभा होता, वाऱ्यावर सळसळत. हलका झालेला भात जास्त सळसळतो.

निम्म्याहून जास्त पळिंज निघाला. जो आला तो दोन गोण्यांत मावला आणि माघ लागायच्या आत संपेल हे दिसत होतं. डॉक्टरांच्या 'शक्यतो'चं पुढं काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

नवसूदादावरचा माझा राग यामुळं कमी झाला का? मुळीच नाही. उलट त्यात आता एक नवा, फार त्रासाचा भाग आला. त्याचा शब्द खरा मानावा लागत होता. मित्र मन राखतो, दुकानदार गिऱ्हाईक राखतो, नातेवाईक तोंडदेखलं बोलतो. आपलं वाईट व्हावं असं ज्याला मनापासून वाटतं तो माणूस मात्र वाईट ते लपवत नाही. ते तो चवीनं सांगतो. नव्या दुकानाच्या कपाटातल्या त्या पिशवीवर कसला कसला शिक्का होता, पण तो शिक्का मारणारा मला ओळखत नाही, माझा द्वेषसुद्धा करत नाही. त्याच्यावर मी कोणत्या भरवशावर विसंबू? पगार थोडा असेल आणि तरी चांगलं खायचं असेल, तर माझा सल्ला आहे, माणसानं एक दणकट शत्रू पाळावा. त्याला दाणापाणी लागत नाही.

हे तत्त्वज्ञान मला आता सुचतं. तेव्हा ते जानकीला सुचलं. दसऱ्यानंतर ती म्हणाली, "दादाच्या माळावर नागली काढायला माणसं पायजेत. त्याची दोन्ही पोरं कंपनीत गेलीत वसईला. मजुरी नागलीतच देतो. मी जाते."

"त्याच्या शेतावर? मजुरीला?"

"तू पण चल. नायतर बस घरी."

मी गेलो. राक्षससुद्धा बायकोच्या मागं जातो. माळ गावाच्या वर, नुसता मुरूम आणि वारा. नागलीची कणसं मुठी वळून उभी होती, तांबूस, काही अजून हिरवट. खाली दरीत धुकं आणि आमच्या पाठीवर ऊन. नवसूदादा सगळ्यांत पुढं कापत होता आणि दर दोन वाफ्यांनी मागं वळून बघत होता.

"शिपाई, वाकून काप. कणसाला सलाम करायचा नसतो."

"वाकलोच हाय. पाठ तुझ्याकडं केलीय, तोंड बघायला नको म्हणून."

"विळा तरी सरळ धर. खडू नाय तो."

जानकी कापता कापता थांबली. एक कणीस तिनं तळहातावर चोळलं, फुंकर मारली. मोहरीएवढे दाणे उरले. तिनं नाकाशी नेले.

"दादा, याला काय घातलंय?"

"शिव्या," नवसूदादा म्हणाला. "या मुरमात खत नेऊन ओतायला मी येडा हाय काय? पावसात सगळं दरीत जातं. बापानं घातलं नाय, मी घातलं नाय."

"फवारलं?"

"नागलीला कोण फवारतं? तिला काय रोग होतो? ती तुझ्या नवऱ्यासारखी हाय. कशानं मरत नाय."

पुढचे काही दिवस आम्ही तिथं राबलो. नागली खळ्यावर आली, झोडली, उफणली. शेवटच्या दुपारी वहिनीनं खळ्याच्या कडेला तीन दगडांची चूल मांडली आणि नव्या नागलीच्या भाकऱ्या थापल्या. काळसर, जाड, कडेला चिरलेल्या. सगळ्यांच्या पुढं सागाच्या पानावर भाकरी आली, मीठमिरची आली आणि वाटीत उडदाची डाळ. डाळीला लसणाची फोडणी होती. मी रागातसुद्धा तो वास ओळखतो.

जानकीनं भाकरी मोडली. वाटीकडं पाहिलं. मग नवसूदादाकडं पाहिलं.

सगळे तिच्याकडं बघत होते. मी तर भाकरी हातात धरून थांबलो होतो. तिनं कित्येक महिने कुणाच्याही हातचं असं बसून खाल्लं नव्हतं. आता हा 'मारलंय' म्हणाला की ती उठणार, हात धुणार आणि पुन्हा मीठभातावर येणार, एवढं मला दिसत होतं. मनातल्या मनात मी माझ्या जन्मभराच्या शत्रूला विनवत होतो, की एकदा, एकदाच खोटं बोल.

"उडदाला मारलंय," नवसूदादा म्हणाला. "एकदा. अळी पडलेली."

"भाकरीतलं तांदळाचं पीठ?" तिनं वहिनीला विचारलं.

"तांदूळ नाय त्यात," वहिनी म्हणाली. "नुसती माळावरची नागली."

जानकीनं डाळीची वाटी हळूच बाजूला सरकवली. भाकरीचा तुकडा मिठाला लावला आणि खाल्ला. सावकाश, चावून चावून. खळ्यावर उफणलेला कोंडा वाऱ्यानं सरकत होता. पानावरची भाकरी संपली. तिनं पान चाचपलं, जणू कुठं आणखी तुकडा राहिला असेल, आणि मग वहिनीपुढं हात केला.

"दुसरी हाय का?"

नवसूदादानं चुलीवरची गरम भाकरी स्वतः उचलली आणि तिच्या पानावर टाकली. मग तिनं सरकवलेली वाटी घेतली, माझ्याकडं बघितलं आणि ती माझ्या पुढं ठेवली.

"ही याला," तो म्हणाला.

मी खाल्ली. चांगली झाली होती.